कुकरच्या मुठीमागचा माणूस : लिओ बेकलंड



१४ नोव्हेंबर म्हटलं की आपल्याला पंडित नेहरू आणि बालदिन आठवतो. याच तारखेला, पण १८६३ साली, बेल्जियममधल्या गेंट या शहरात आणखी एका माणसाचा जन्म झाला. त्याचं नाव लिओ हेन्ड्रिक बेकलंड. हे नाव मुलांनाच काय, आपल्यालाही फारसं माहीत नसतं. पण त्याने बनवलेली वस्तू आपल्या प्रत्येकाच्या घरात असते. कुकरची काळी मूठ, तव्याचा दांडा, जुन्या घरातली विजेची काळी बटणं, आजोबांच्या काळातला जड टेलिफोन. हे सगळं बेकलाईटचं. माणसाने पूर्णपणे रसायनांपासून तयार केलेलं जगातलं पहिलं प्लॅस्टिक ते हेच.

प्लॅस्टिकवर निबंध लिहायला सांगितला की मुलं ठरलेली वाक्यं लिहितात. प्लॅस्टिक हा राक्षस आहे, त्याला हद्दपार करा. लिहितात ते प्लॅस्टिकच्याच पेनाने, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर असतं. मुलं खोटं लिहितात असं नाही. पण हा राक्षस आला कुठून, कुणी आणला आणि का आणला, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आजच्या पाठात बेकलंड यांची गोष्ट.

बालपण आणि शिक्षण

लिओचे वडील चपला-बूट दुरुस्त करायचे. आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. घरची परिस्थिती बेताचीच, पण पोरगं हुशार. लहानपणापासून त्याला फोटोग्राफीचं वेड. त्या काळी फोटो काढायचा तर रसायनं स्वतः तयार करावी लागत आणि चांदीपासून बनणारं रसायन महाग. वडिलांनी दिलेल्या घड्याळाची चांदीची साखळी त्याने आम्लात विरघळवली आणि फोटोचं रसायन बनवलं, असा किस्सा सांगतात.

गेंट शहराने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो १८८० मध्ये विद्यापीठात गेला आणि १८८४ मध्ये, विशीतच, रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून मोकळा झाला. पुढे काही काळ ब्रुज शहरात शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत, म्हणजे आपल्या डी.एड. कॉलेजसारख्या ठिकाणी, त्यांनी भौतिक आणि रसायनशास्त्र शिकवलं. १८८९ मध्ये आपल्या प्राध्यापकांची मुलगी सेलीन हिच्याशी त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं अमेरिकेला गेले. गेले होते विद्यापीठं पाहायला, पण तिथेच राहिले.

पहिला शोध : फोटोचा कागद

अमेरिकेत सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. मधे आजारपण आलं, कर्ज झालं. एकाच वेळी दहा गोष्टी करण्यापेक्षा एकच धरून ती तडीस न्यायची, असं त्यांनी ठरवलं. ती गोष्ट होती फोटो छापण्याचा कागद.

तेव्हा फोटो छापायचा तर साधारणपणे सूर्यप्रकाश लागायचा. ढग आले की काम बंद. बेकलंड यांनी असा कागद बनवला की ज्यावर रात्री, घरातल्या गॅसच्या दिव्याच्या उजेडातही फोटो छापता येई. त्याचं नाव वेलॉक्स. १८९३ मध्ये त्यांनी भागीदारीत कारखाना काढला. हौशी लोकांनी हा कागद उचलून धरला. फोटो काढणं ही फक्त स्टुडिओवाल्यांची मक्तेदारी राहिली नाही. नवीन साधन आलं की कला जास्त हातांत जाते, ती अशी. आज मुलं मोबाइलवर फोटो काढतात, टॅबवर चित्र रंगवतात, तेव्हा ती याच वाटेवर पुढे चाललेली असतात.

१८९९ मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी हा धंदा विकत घेतला. बेकलंड मनात पन्नास हजार डॉलरच्या आसपास आकडा धरून गेले होते आणि ईस्टमन यांनी आपणहून साडेसात लाख देऊ केले, असं सांगितलं जातं. रक्कम काहीही असो, चपला शिवणाऱ्याचा मुलगा पस्तिशीत श्रीमंत झाला. न्यूयॉर्कजवळ याँकर्स इथे त्यांनी घर घेतलं आणि आवारातच प्रयोगशाळा थाटली.

लाखेचा प्रश्न आणि भारत

इथे या गोष्टीत आपला देश येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज घरोघरी पोहोचू लागली होती. विजेच्या तारा आणि यंत्रांना वेष्टण लागतं, नाहीतर शॉक बसतो. त्यासाठी लाख वापरली जाई. ही लाख मुख्यतः भारतातून जायची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे बारीक किडे राहतात, त्यांच्या अंगातून निघणारा चिकट पदार्थ म्हणजे लाख. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं आणि बांगड्याही हिच्याच. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही लाख असे. बालगंधर्वांचा आवाज घरोघरी गेला तो अशाच तबकड्यांवरून.

पण थोड्याशा लाखेसाठी हजारो किडे आणि कित्येक महिने लागतात. मागणी वाढली, किंमत वाढली. लाखेला पर्याय शोधला तर पैसा आहे, हे बेकलंड यांनी ओळखलं.

कुकरसारखं यंत्र

फिनॉल हे दगडी कोळशाच्या डांबरातून मिळणारं रसायन आणि फॉर्माल्डिहाइड यांचा संयोग होतो, हे जर्मन शास्त्रज्ञ बेयर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण त्यातून निघायचा तो घट्ट, चिवट गोळा. भांड्याला चिकटला की निघत नसे. इतरांनी तो कचरा म्हणून टाकून दिला. बेकलंड आणि त्यांचे मदतनीस थर्लो यांना मात्र वाटलं की जो पदार्थ विरघळत नाही, वितळत नाही, तोच तर उपयोगाचा!

अडचण अशी होती की तापवल्यावर मिश्रण फसफसायचं आणि आत बुडबुडे राहायचे. बेकलंड यांनी लोखंडाचं जाड, बंद भांडं बनवलं आणि त्यात उष्णतेबरोबर दाबही दिला. आपल्या प्रेशर कुकरचंच तत्त्व. बुडबुडे दबले आणि कडक, गुळगुळीत पदार्थ हाती आला. १९०७ च्या जुलैमध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ च्या फेब्रुवारीत शोध जाहीर केला आणि १९१० मध्ये कंपनी काढली. आधीचं सेल्युलॉइड वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थावर बनत होतं. बेकलाईटचं रेझिन मात्र रसायनांच्या संयोगातून तयार होत होतं.

रेडिओ, टेलिफोन, कॅमेरे, मोटारीचे भाग, दागिने, सगळं बेकलाईटचं होऊ लागलं. कंपनीच्या चिन्हात अनंताची खूण होती, म्हणजे उपयोगांना अंत नाही. १९२४ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बेकलंड झळकले. १९३९ मध्ये त्यांनी कंपनी युनियन कार्बाइडला विकली आणि ते निवृत्त झाले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेमुळे आपल्याला माहीत असलेली कंपनी हीच. अर्थात त्या दुर्घटनेचा बेकलाईटशी संबंध नव्हता. शेवटच्या वर्षांत बेकलंड एकलकोंडे झाले, डब्यातलं अन्न खाऊन राहत. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचं निधन झालं.

अनंताची दुसरी बाजू

आता खरा प्रश्न. बेकलाईट एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. हाच त्याचा गुण, म्हणून तर कुकरची मूठ गॅसवर वितळत नाही. आणि हाच दोष. त्याला वितळवून नवीन वस्तू करता येत नाही. पुढे पॉलिथीनसारखी प्लॅस्टिकं आली, ती वितळतात, तरी तीही कुजत नाहीत. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं आणि जो कचरा झाला त्यातला जेमतेम ९ टक्के पुनर्वापरासाठी गेला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात पिशव्यांनी तुंबलेली गटारं आपण पाहिली. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली.

डिजिटल साधनंही यातून सुटलेली नाहीत. कागद-रंग वाचतात म्हणून टॅबवर चित्र काढणं स्वच्छ वाटतं. पण टॅबचं कव्हर, चार्जर, वायर प्लॅस्टिकच. आतली सर्किटची पाटीही कृत्रिम रेझिनची, स्वस्त उपकरणांत तर अजूनही बेकलाईटच्याच जातीच्या रेझिनची. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला आणि त्यातला पाव भागही नोंद होऊन रीतसर पुनर्वापरात गेला नाही.

मग दोष बेकलंड यांचा का? मला तसं वाटत नाही. त्यांनी केली ती टिकाऊ वस्तू. आजीच्या कुकरची मूठ तीस वर्षं चालते. चूक झाली ती टिकाऊ पदार्थ पाच मिनिटांच्या वापरासाठी घेण्यात, पिशवी, स्ट्रॉ, चमचा यांसाठी. पण शोध लावताना ही वस्तू शेवटी जाणार कुठे, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही, हेही खरं. आपल्या वर्गातल्या पुढच्या संशोधकाला तो विचारायची सवय लागली पाहिजे. ते काम आपलं.

वर्गात आणि घरी करता येईल असे काही

१. घरात बेकलाईटच्या वस्तू शोधायला सांगा. ती वस्तू किती वर्षांची आहे हे आजी-आजोबांना विचारून लिहायचं.

२. मेण वितळवून पुन्हा थंड करून दाखवा आणि उकडलेलं अंडं दाखवा. मेण पुन्हा वितळतं, अंडं पुन्हा पातळ होत नाही. प्लॅस्टिकचे दोन प्रकार मुलांना लगेच कळतात. प्रत्यक्ष प्लॅस्टिक मात्र कधीही जाळून दाखवू नका, धूर विषारी असतो.

३. घरातल्या प्लॅस्टिक वस्तूंचे दोन गट करा : वर्षानुवर्षं वापरतो त्या आणि एकदाच वापरून फेकतो त्या.

४. निबंधाचा विषय थोडा बदला. प्लॅस्टिक शाप की वरदान याऐवजी विचारा : तू एक नवीन वस्तू शोधलीस, ती जुनी झाल्यावर कुठे जाईल?