विश्लेषण : वैद्यक शिकलेल्या शेतकऱ्याला खडकांची जन्मकथा कशी उलगडली?

अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित हे खडकांचे तीन प्रकार शाळेच्या भूगोलात सर्वांनीच पाठ केलेले असतात. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस ग्रॅनाइट आणि बेसॉल्टसुद्धा समुद्राच्या पाण्यातून साचून तयार झाले, असे युरोपातील अनेक अभ्यासक मानत होते. या समजुतीला आव्हान देणारे जेम्स हटन आज आधुनिक भूविज्ञानाचे जनक मानले जातात.

हटन खडकांकडे कसे वळले?

हटन यांचा जन्म १७२६ मध्ये स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे झाला. त्यांनी काही काळ वकिलाकडे उमेदवारी केली, नंतर १७४९ मध्ये लायडन येथून वैद्यकाची पदवी घेतली. पण डॉक्टरकी केली नाही. मित्राबरोबर काजळीपासून नवसागर बनवण्याच्या व्यवसायातून त्यांना उत्पन्न मिळे. वडिलोपार्जित शेती करताना त्यांच्या लक्षात आले की, पावसाबरोबर माती सतत वाहून जाते. असेच चालू राहिले तर एक दिवस सगळी जमीन समुद्रात जाईल. मग नवी जमीन येते कुठून? समुद्रतळाशी साचलेला गाळ घट्ट होऊन खडक बनतो आणि पृथ्वीच्या पोटातील उष्णता तो पुन्हा वर उचलते, असे उत्तर त्यांनी मांडले. १७८५ मध्ये एडिनबर्गच्या रॉयल सोसायटीत हा सिद्धांत सादर झाला.

वाद कशावरून होता?

सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्या अकादमीत शिकवणारे अब्राहम वर्नर यांच्या मते, ग्रॅनाइट हा आदिम महासागरातून तयार झालेला सर्वांत जुना खडक होता. हटन यांच्या मते तो वितळलेल्या द्रवातून थिजला होता. वर्नर यांचे समर्थक ‘नेपच्युनिस्ट’, तर हटन यांचे ‘प्लुटोनिस्ट’ म्हणून ओळखले गेले.

पुरावा कुठे मिळाला?

१७८५ मध्येच स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्ट खोऱ्यात हटन यांना दुसऱ्या खडकाच्या भेगांत शिरलेल्या लालसर ग्रॅनाइटच्या शिरा दिसल्या. भेगांत शिरायचे तर ग्रॅनाइट द्रवरूप हवा आणि तो खडक त्याच्या आधीचा हवा. १७८८ मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांच्यासह ते होडीने सिकार पॉइंट येथे गेले. तिथे जवळपास उभ्या थरांवर लाल वालुकाश्माचे जवळपास आडवे थर होते. गाळ साचणे, खडक होणे, उभे होणे, झिजणे आणि त्यावर पुन्हा गाळ साचणे, या सगळ्याला प्रचंड काळ लागणार हे उघड होते.

विरोध का झाला?

बायबलवरून पृथ्वीचे वय सुमारे ६ हजार वर्षे मानले जाई. आयर्लंडचे रिचर्ड किरवान यांनी हटन यांच्या सिद्धांतावर धर्मविरोधी असल्याची टीका केली. आजारी असतानाही हटन यांनी १७९५ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. भाषा क्लिष्ट असल्याने वाचक थोडेच मिळाले. १७९७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८०२ मध्ये प्लेफेअर यांनी सोप्या भाषेत पुस्तक लिहिले, तेव्हा हे विचार दूरवर पोहोचले.

सह्याद्रीशी संबंध काय?

हॉल यांनी भट्टीत बेसॉल्टसारखा खडक वितळवला. तो झपाट्याने थंड केला तर काच झाली, सावकाश थंड केला तर पुन्हा स्फटिकमय दगड मिळाला. अग्निजन्य खडक ओळखण्याचे सूत्र हेच आहे. खोल जमिनीत सावकाश थिजलेल्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे कण डोळ्यांना दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृष्ठभागावर पसरून लवकर थंड झालेल्या लाव्हापासून सह्याद्रीचा बेसॉल्ट बनला, म्हणून त्याचे कण बारीक आहेत. त्यातील वायूंच्या पोकळ्यांत नंतर झिरपलेल्या पाण्यातून झिओलाइटचे स्फटिक वाढले. खडक आगीचा असला तरी ही खनिजे पाण्याची देणगी आहेत.

हटन यांच्याकडे खडकांचे वय मोजण्याचे साधन नव्हते. किरणोत्साराच्या शोधानंतर ते मिळाले आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे असल्याचे स्पष्ट झाले.