भीती, शरीर आणि श्रद्धा : आबे फारिया यांची जीवनकथा



संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणाला आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबे निपाणी, आजरा, आंबोली या वाटेने घाट उतरून जुन्या गोव्याला जातात. २०२४ च्या अखेरीस संतांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाचा सोहळा झाला, तेव्हाही आपल्यापैकी काही जण जाऊन आले. पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा तुम्ही पाहिला असेल. लांब झगा घातलेला एक माणूस दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यापुढे एक स्त्री मागे कलली आहे. हा कोणी जादूगार असावा असे अनेकांना वाटते. खरे तर तो पुतळा एका कॅथोलिक धर्मगुरूंचा आहे. भीती, दुःख आणि विश्वास यांचा शरीरावर कसा परिणाम होतो, याचा शोध घेण्यात त्यांनी आपले उत्तरायुष्य घालवले. आज त्यांचीच कथा सांगतो.

जुझे कुस्तोदियु द फारिया यांचा जन्म १७५६ साली बार्देशातील कांदोळी गावी झाला. घर श्रद्धाळू होते, पण आईवडिलांचे पटत नव्हते. अखेर ख्रिस्तसभेच्या अनुमतीने दोघे वेगळे झाले. वडील कायतान व्हितोरिनु यांनी अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करून गुरुदीक्षा घेतली आणि आई रोझा मारिया जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात धर्मभगिनी झाल्या. घर असे विखुरल्यावर लहान मुलाच्या मनाचे काय झाले असेल, हे ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

१७७१ साली पंधरा वर्षांच्या जुझेला घेऊन वडील जहाजाने लिस्बनला गेले. तिथून राजाच्या मदतीने पितापुत्र रोमला पोहोचले. जुझेने तिथे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १७८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि पुढे डॉक्टरेटही. कांदोळीचा मुलगा आता विद्वान धर्मगुरू होऊन लिस्बनला परतला.

याच काळातली एक गोष्ट गोव्यात घरोघरी सांगितली जाते. राणी मारिया पहिली हिच्या राजवाड्यातील प्रार्थनालयात तरुण फादर जुझे यांचे प्रवचन ठेवले होते. समोर राणी, सरदार, मोठमोठे धर्माधिकारी. फादर व्यासपीठावर चढले आणि त्यांची जीभच उचलेना. तोंड कोरडे पडले, पाय लटपटू लागले. पाठ केलेले सगळे प्रवचन विसरून गेले. जवळच बसलेल्या वडिलांच्या हे लक्षात आले. त्यांनी हळूच कोकणीत सांगितले, की समोर बसलेले हे सगळे लोक म्हणजे नुसती भाजी आहे, ती भाजी कापून टाक. हे शब्द कानी पडताच मुलाची भीती गेली आणि ते अस्खलित बोलू लागले.

बंधुभगिनींनो, माझ्या पहिल्या प्रवचनाच्या दिवशी माझी गत काही वेगळी नव्हती. हातातला कागद इतका थरथरत होता की अक्षरे दिसत नव्हती. त्यामुळे ही गोष्ट वाचताना मला हसू येते आणि त्या तरुण फादरांविषयी आपुलकीही वाटते. आपण मात्र ही गोष्ट हसून सोडून देतो. फादर फारियांनी ती सोडली नाही. औषध घेतले नाही, कोणी हात लावला नाही, मग वडिलांच्या एका वाक्याने लटपटणारे पाय स्थिर कसे झाले, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला, असे सांगतात.

१७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंतोंचा कट उघडकीस आला. त्यात अनेक गोमंतकीय धर्मगुरू होते. फारिया पितापुत्रांकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. १७८८ साली फादर जुझे पॅरिसला गेले आणि पुढे फ्रेंच राज्यक्रांतीच्या वादळात सापडले. १७९५ साली त्यांनी क्रांतिकारी सरकारविरुद्धच्या उठावात एका तुकडीचे नेतृत्वही केले. फ्रेंच भाषेत धर्मगुरूंना आबे म्हणतात, म्हणून ते आबे फारिया या नावाने ओळखले जाऊ लागले.

त्या काळी युरोपात डॉक्टर मेस्मर यांच्या उपचारांचा मोठा बोलबाला होता. माणसाच्या शरीरातून चुंबकासारखा एक अदृश्य प्रवाह वाहतो आणि उपचार करणाऱ्याच्या हातातून तो रोग्याच्या अंगात जातो, असे मेस्मर सांगत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने तपासणी केली. बेंजामिन फ्रँकलिन त्या समितीत होते. असा कोणताही प्रवाह आढळत नाही, हा सारा कल्पनेचा परिणाम आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि विषय संपवला. आबे फारियांचा प्रश्न तिथेच सुरू झाला. नुसती कल्पना शरीरावर एवढा परिणाम करत असेल, तर ती कल्पना लहानसहान गोष्ट कशी म्हणावी?

१८११ साली ते मार्से येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले. पुढे काही काळ नीम येथे काढून ते पॅरिसला परतले. १८१३ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी क्लिशी रस्त्यावरील एका सभागृहात लोकांसमोर प्रयोग सुरू केले. ते माणसाला खुर्चीत बसवत, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करायला सांगत आणि मग खणखणीत आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काही जण खरोखर एका वेगळ्या झोपेत जात. त्या अवस्थेत आबे जे सुचवत ते त्यांचे शरीर अनुभवत असे. साधे पाणी दुसऱ्याच पेयासारखे लागे, दुखणे कमी जाणवे.

एवढ्यावर त्यांना सहज सिद्धपुरुष म्हणून मिरवता आले असते. हातात शक्ती आहे एवढेच सांगायचे होते, पॅरिसच्या श्रीमंतांनी रांगा लावल्या असत्या. आबे फारियांनी उलट जाहीरपणे सांगितले, की आपल्याजवळ कसलीही विशेष शक्ती नाही, कोणताही प्रवाह आपल्या हातातून जात नाही. जे घडते त्याचे कारण समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात, त्याच्या एकाग्रतेत आणि विश्वासात असते. मला या धर्मगुरूंचा सर्वात मोठा गुण हा वाटतो.

या प्रामाणिकपणाची किंमत त्यांना मोजावी लागली. काही भाविकांनी हे सैतानाचे काम ठरवले, तर वर्तमानपत्रांनी त्यांना भोंदू म्हटले. एका नटाने झोपेचे सोंग घेतले आणि भर सभेत डोळे उघडून त्यांची फजिती केली. १८१६ साली त्यांची टिंगल करणारे नाटकही पॅरिसच्या रंगभूमीवर आले. गर्दी ओसरली. आबे एका मुलींच्या वसतिगृहाचे धर्मगुरू म्हणून राहिले आणि मिस्सा, प्रार्थना सांभाळून आपला ग्रंथ लिहू लागले. आपल्या निष्कर्षांचा ख्रिस्ती श्रद्धेशी विरोध नाही, हे त्यांनी त्यात धर्मशास्त्राच्या आधारे मांडले. त्यांची सगळीच मते पुढे टिकली नाहीत. रक्त पातळ असलेल्यांना अशी झोप लवकर लागते, हे त्यांचे म्हणणे चुकीचे ठरले. १८१९ साली ग्रंथाचा पहिला भाग छापला गेला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला मेंदूच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. माँमार्त्र येथे त्यांना पुरले, पण त्यांच्या कबरीची खूण राहिली नाही.

पुढे फ्रान्समधील नान्सी येथील डॉक्टरांनी त्यांचे ऋण मान्य केले. नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज डॉक्टर एगाश मोनिश यांनी १९२५ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. १९४५ साली पणजीत गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा उभा राहिला.

प्रिय बंधुभगिनींनो, आज विज्ञानही सांगते की भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, तोंड कोरडे पडते. काळजी महिनोन्‌महिने राहिली तर झोप उडते, रक्तदाब आणि साखर वाढते. १९९५ साली अमेरिकेतील संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्या स्त्रियांवर एक अभ्यास केला. त्यांच्या हातावरील छोटी जखम भरून यायला इतर स्त्रियांपेक्षा सुमारे नऊ दिवस जास्त लागले. मनावरचा भार कातडीलाही कळतो, असा याचा अर्थ.

मग श्रद्धेने बरे होणे म्हणजे नुसता मनाचा खेळ आहे का? मला तसे वाटत नाही. देवाने मन आणि शरीर एकत्र घडवले आहे आणि त्याची कृपा या दोघांमधूनच काम करते. प्रभू येशूच्या वस्त्राला हात लावणाऱ्या रक्तस्रावी स्त्रीला प्रभूने तिच्या श्रद्धेची आठवण करून दिली, तिला कन्या म्हटले आणि शांती दिली. बारा वर्षांचे दुखणे तर गेलेच, त्याबरोबर बारा वर्षांची भीती आणि लाजही गेली. दुसरीकडे संत पौलाने तीनदा विनवणी करूनही त्याच्या शरीरातला काटा तसाच राहिला. म्हणून जो बरा झाला नाही त्याची श्रद्धा कमी पडली, असे कोणीही कोणाला म्हणू नये. आजाऱ्याच्या दुखण्यावर तो आणखी एक घाव होतो.

आणि जो कोणी आपल्या हातात शक्ती आहे असे सांगून तुमच्या गोळ्या बंद करायला लावतो, तो मांत्रिक असो की प्रार्थनेचे नाव घेणारा असो, त्याच्यासमोर आबे फारियांची आठवण ठेवा. रक्तदाबाची, साखरेची, मनाच्या आजाराची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले, अशी जुन्या करारातील शिकवण आहे. संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी तेराव्या शतकात दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सोबत आणि सत्याचे चिंतन यांच्या जोडीला झोप आणि स्नान यांचाही समावेश केला होता.

आपल्या गावात कोणी उसाच्या बिलाच्या काळजीत आहे, कोणी एमआयडीसीतली रात्रपाळी करून झोप हरवून बसला आहे, कोणी सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे बोललेला नाही. त्या सगळ्याची नोंद आपले शरीर ठेवत असते. पापनिवेदनाला या, ज्याच्यावर राग आहे त्याच्या घरी एकदा जाऊन या. रुग्णाभ्यंग हा साक्रामेंत केवळ मरणाऱ्यासाठी नाही, गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो. घरी कोणी आजारी असेल तर मला निःसंकोच बोलवा. आणि रविवारी मिस्सानंतर मी अर्धा तास चर्चमध्येच थांबतो. ज्यांना भीती वाटते, झोप येत नाही, त्यांनी नुसते येऊन बसले तरी चालेल. त्या दिवशी राजवाड्यात एका पित्याचा शब्द मुलाला पुरला. आपल्यालाही एक पिता आहे आणि भिऊ नका हे तो आपल्याला पवित्र शास्त्रात पुन्हा पुन्हा सांगत आला आहे.

प्रभू तुम्हा सर्वांना शरीराचे आरोग्य आणि मनाची शांती देवो.

आपला,
धर्मगुरू, कागल