रिचर्डसन यांचे चुकलेले गणित

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात समभार रेषांचा नकाशा काढताना माझ्या दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या. समभार रेषा कधी छेदत नाहीत, एवढे मला ठाऊक होते. मी तो कागद फाडला आणि मैत्रिणीच्या जर्नलमधून नकाशा उतरवून काढला. सरांची सही मिळाली. पुढे काही दिवसांनी ग्रंथालयात लुइस फ्राय रिचर्डसन या हवामानशास्त्रज्ञांविषयी वाचले आणि ती सही मला बोचू लागली.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. शस्त्र हाती धरायचे नाही, ही त्या पंथाची शिकवण त्यांनी जन्मभर पाळली. १९१३ मध्ये ते ब्रिटिश हवामान खात्यात आले व स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख झाले. त्या काळी हवामानाचा अंदाज जुन्या नकाशांवरून व अनुभवाने बांधत. रिचर्डसन यांना तो गणिताने काढायचा होता.

१९१६ मध्ये नोकरी सोडून ते फ्रान्समधील आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या क्वेकर पथकात दाखल झाले. तेथे विश्रांतीच्या वेळी, थंडगार खोलीत, गवताच्या ढिगाऱ्यावर बसून त्यांनी आकडेमोड केली. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन मध्य युरोपात सहा तासांत हवेचा दाब किती बदलला असेल, हे त्यांना काढायचे होते. आपण शाळेत सोडवलेल्या नळ व हौदाच्या गणितासारखेच हे गणित. हवेच्या स्तंभात किती हवा आली आणि किती बाहेर गेली, यांच्या वजाबाकीवरून दाबातला फरक कळतो.

उत्तर आले १४५ मिलिबार वाढ! भीषण चक्रीवादळाच्या केंद्रातही दाब इतका क्वचितच उतरतो. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता.

१९१७ मध्ये शॅम्पेनच्या लढाईत हे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. तोवर चूक झाकण्याची आयती संधी त्यांना मिळाली होती. पण १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते गणित चुकीच्या उत्तरासह, पायरीपायरीने छापले. वाऱ्याच्या मूळ नोंदींत दोष असावा, असेही त्यांनी सांगितले. येणारी व जाणारी हवा जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे नोंदीतली लहानशी चूक वजाबाकीत डोंगराएवढी होते.

हवामान खाते विमान मंत्रालयाकडे, म्हणजे लष्करी विमानदल सांभाळणाऱ्या खात्याकडे गेले, तेव्हा १९२० मध्ये त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. पुढे युद्धे का होतात, याचाच ते गणिताने अभ्यास करीत राहिले. १९५० मध्ये अमेरिकेत संगणकावर पहिले अंदाज काढले गेले, ते त्यांना पाहायला मिळाले. ३० सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. नंतर संशोधकांनी त्यांच्याच नोंदी नीट जुळवून तेच गणित पुन्हा केले, तेव्हा फरक सुमारे १ मिलिबार निघाला. पद्धत बरोबर होती. गणित छापलेले होते, म्हणूनच हे तपासता आले.

मी सरांकडे जाऊन सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. नकाशा पुन्हा काढ, एवढेच म्हणाले. काढताना कळले, एका गावाचा आकडा मी शेजारच्या गावावर लिहिला होता. फाडलेला कागद जवळ असता, तर हे शोधायला सारी दुपार लागली नसती.