मायकेल फॅराडे : दोन वेळां उमेदवारी केलेला शास्त्रज्ञ

विजेचा दिवा लावतांना ज्याचें स्मरण व्हावें, पण सहसा होत नाहीं, अशा एका पुरुषाचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

मायकेल फॅराडे ह्याचा जन्म लंडनजवळ ता. २२ सप्टेंबर १७९१ रोजीं झाला. बाप लोहार, प्रकृतीनें अशक्त, घरीं दारिद्र्य. लिहिणें, वाचणें व जुजबी हिशेब एवढेंच शिक्षण त्यास लाभलें. १८०५ सालीं तो रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे सात वर्षांच्या करारानें पुस्तकबांधणीचा उमेदवार झाला. बांधावयास आलेलीं पुस्तकें तो वाचूंही लागला. ज्ञानकोशांतील विजेवरील लेखानें त्याचें मन वेधलें, आणि चार पैसे वांचवून त्यानें घर्षणानें वीज उत्पन्न करणारें लहानसें यंत्र स्वतः तयार केलें.

१८१२ सालीं दुकानच्या एका गिऱ्हाइकाच्या कृपेनें त्यास सर हंफ्री डेव्ही ह्यांचीं चार व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत लिहून, स्वहस्तें बांधून, त्यानें तीं डेव्हीसाहेबांकडे पाठविलीं. शिकलेला धंदा असा उपयोगी पडला. ता. १ मार्च १८१३ रोजीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आठवड्यास २५ शिलिंगांवर त्याची मदतनीस म्हणून नेमणूक झाली. येथें त्याची दुसरी उमेदवारी सुरू झाली. उपकरणें पुसणें, व्याख्यानाची मांडामांड करणें, युरोपच्या प्रवासांत तर धन्याची चाकरीही करणें, हें सर्व त्यानें केलें. पण डोळे व हात शिकतच होते.

ता. २९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडी कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलीं. एकांतील प्रवाह सुरू किंवा बंद होतांच दुसऱ्यांत क्षणभर प्रवाह उमटला. पुढें त्याच वर्षीं, वेटोळ्यांत लोहचुंबक सरकविल्यानेंही वीज उत्पन्न होते, असें त्यानें दाखविलें. डायनॅमो व ट्रान्सफॉर्मर हीं दोन्ही यंत्रें ह्याच शोधांतून निघालीं. उच्च गणित त्यास येत नव्हतें. त्याच्या कल्पनांना गणिताचें रूप पुढें मॅक्सवेलनें दिलें.

सर ही पदवी त्यानें नाकारली. ता. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो निवर्तला.

मॅट्रिक होऊन कारखान्यांत उमेदवारी करणें म्हणजे विद्या फुकट घालविणें, असें कित्येक पालकांस वाटतें. ज्यांस तसें वाटतें, त्यांनीं पुस्तकबांधणाऱ्या ह्या मुलाचे हात आठवावे, एवढीच आमची विनंति आहे.