डॉ. रॉबर्ट कॉख आणि हिंवतापाचें कोडें

क्षयाच्या जंतूचा शोध लावणारे जर्मन वैद्य डॉ. रॉबर्ट कॉख यांचें नांव आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत वाचलेलें असेल. परंतु याच थोर पुरुषानें उतारवयांत हिंवतापाविषयीं एक साधी पण अत्यंत मोलाची गोष्ट जगाच्या नजरेस आणून दिली, ही हकीकत फारशी कोणास ठाऊक नसते. ज्या गांवांत हिंवताप बारा महिने मुक्काम ठोकून असतो, तेथें लहान मुलें तापानें फणफणतात व कित्येक दगावतात. पण तेच डांस ज्यांस चावतात तीं प्रौढ माणसें मात्र खुशाल शेतावर कामास जातात. असें कां व्हावें? या प्रश्नाचा माग काढीत शास्त्रज्ञ आजच्या लशीपर्यंत येऊन पोंचले आहेत. म्हणून डॉ. कॉख यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १८४३ रोजीं जर्मनींतील हार्ट्झ पर्वतांतल्या क्लाउस्थाल या गांवीं झाला. वडील खाणखात्यांत नोकरीस होते आणि घरांत मुलांचा मोठा गोतावळा होता. वयाच्या पांचव्या वर्षींच हा मुलगा वर्तमानपत्रें पुढें घेऊन आपण होऊन वाचावयास शिकला, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ग्योटिंगेन येथील विद्यापीठांतून १८६६ सालीं वैद्यकाची पदवी घेतल्यावर पुढें वोल्स्टाइन नांवाच्या आडगांवीं ते सरकारी वैद्य झाले. तेथें ना प्रयोगशाळा होती, ना ग्रंथालय. पत्नीनें भेट दिलेलें सूक्ष्मदर्शक यंत्र व घरांतली एक खोली, एवढ्या भांडवलावर त्यांनीं गुरांच्या काळपुळी रोगाचा अभ्यास आरंभिला आणि तो रोग एका विशिष्ट जंतूमुळेंच होतो, हें १८७६ सालीं निर्विवाद सिद्ध केलें. साधनें अपुरीं आहेत म्हणून कुरकुरणाऱ्या विद्यार्थ्यांनीं या खोलीची आठवण ठेवावी.

१८८० सालीं बर्लिनच्या सरकारी आरोग्यखात्यांत त्यांची नेमणूक झाली. ता. २४ मार्च १८८२ रोजीं त्यांनीं क्षयाचा जंतु विद्वानांच्या सभेपुढें मांडला, तेव्हां त्यांची कीर्ति दिगंत पसरली. पुढच्याच वर्षीं पटकीचें मूळ शोधण्यासाठीं ते मिसर देशांत व तेथून कलकत्त्यास आले. १८८४ च्या आरंभीं तेथील रोग्यांच्या आंतड्यांत आणि एका तळ्याच्या पाण्यांतही त्यांस पटकीचा जंतु सांपडला.

यशाच्या शिखरावर असतांनाच त्यांस एक मोठी ठेंच लागली. १८९० सालीं बर्लिन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेंत आपणांस क्षयाची वाढ थांबविणारें द्रव्य गवसलें आहे, असें त्यांनीं जाहीर केलें. हेंच ट्युबरक्युलिन होय. तें कसें बनविलें, हें मात्र त्यांनीं प्रथम गुप्त ठेविलें. झालें! देशोदेशींचे क्षयरोगी आशेनें बर्लिनकडे धांवले. थोड्याच महिन्यांत दिसून आलें कीं, औषधानें रोग हटत नाहीं. उलट कित्येकांची प्रकृति अधिकच बिघडली व कांहीं दगावले. तें द्रव्य पुढें क्षयाची लागण ओळखण्याच्या कामीं उपयोगी पडलें व आजही पडतें, ही गोष्ट खरी. परंतु पुराव्याच्या आधीं दिलेल्या वचनानें आशाळभूत रोग्यांचा जो घात झाला, तो झालाच. थोरांच्या चरित्रांतला असा भाग झांकून ठेवणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

यानंतरच्या काळांत डॉ. कॉख यांनीं पुष्कळ प्रवास केला. १८९७ सालीं मुंबईंत प्लेगानें हाहाकार उडविला असतां जर्मन सरकारनें पाठविलेल्या मंडळाचे प्रमुख म्हणून ते मुंबईस आले होते. तेथून ते पूर्व आफ्रिकेस गेले आणि हिंवतापाच्या अभ्यासास लागले. हिंवतापाचा सूक्ष्म जीव फ्रेंच वैद्य लाव्हरां यांनीं १८८० सालीं अल्जीरिया देशांत रोग्याच्या रक्तांत पाहिला होता, आणि ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांनीं तो डांसाच्या पोटांत पाहिला. शत्रु कळला आणि त्याचें वाहनही कळलें. पण माणसाचें शरीर त्या शत्रूशीं कसें झगडतें, हें कोडें अद्याप तसेंच होतें.

१८९९ सालीं डॉ. कॉख जावा बेटांत गेले. त्या वेळीं त्यांचें वय पंचावन्न वर्षांचें होतें. तेथील अंबारावा या हिंवतापी मुलखांत त्यांनीं केवळ आजाऱ्यांचें नव्हे, तर धडधाकट दिसणाऱ्यांचेंही रक्त तपासण्यास सुरुवात केली. बोटाला टोंचून थेंबभर रक्त घ्यावयाचें, कांचेच्या पट्टीवर पसरावयाचें, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं धरून तासन् तास पाहावयाचें, असा त्यांचा क्रम होता. यांतून जें दिसलें तें चमत्कारिक होतें. अगदीं लहान मुलांच्या रक्तांत हिंवतापाचे जीव पुष्कळ आढळत. वय वाढत जाई तसतसे ते कमी होत. आणि प्रौढांच्या रक्तांत ते बहुधा मिळतच नसत. पुढें न्यू गिनी बेटांतही त्यांस असाच अनुभव आला. तेथील श्टेफान्सोर्ट या ठिकाणच्या मळ्यांवर परदेशांतून आणलेले मजूर राबत असत. नवे आलेले मजूर तापानें आडवे होत. परंतु कांहीं वर्षें तेथें काढलेले जुने मजूर टिकाव धरीत.

यावरून डॉ. कॉख यांनीं असा निष्कर्ष काढिला कीं, हिंवतापाविरुद्ध शरीर आपण होऊनच एक प्रतिकारशक्ति कमावतें. ही शक्ति जन्मतः मिळत नाहीं, ती वारंवार झालेल्या लागणीनें येते. पण तिची किंमत केवढी! गांवांतील प्रौढांचें आरोग्य हें ज्या लेंकरांस पांचवें वर्षही दिसलें नाहीं त्यांच्या मरणावर उभें होतें. जे वांचले तेच पुढें धडधाकट दिसत. या किंमतीवांचून ती शक्ति मुलांस देतां येईल काय, हाच लशीचा खरा प्रश्न होय.

स्वतः डॉ. कॉख या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोंचले नाहींत. रक्त तपासून ज्यांच्या अंगांत हिंवतापाचे जीव सांपडतील त्यांस कोयनेल देऊन रोगाचा सांठाच नाहींसा करावा, हा मार्ग त्यांनीं पत्करला. १९०५ सालीं त्यांस क्षयाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें आणि ता. २७ मे १९१० रोजीं बाडेन-बाडेन येथें त्यांनीं देह ठेविला.

त्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें, याचा सबळ पुरावा १९६१ सालीं आफ्रिकेंतील गॅम्बिया देशांत मिळाला. तेथील प्रौढांच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें वेगळीं काढून हिंवतापानें आजारी असलेल्या मुलांस टोंचलीं, तेव्हां मुलांच्या रक्तांतील जीवांची संख्या झपाट्यानें उतरली. अर्थात् प्रौढांच्या रक्तांत खरोखरच एक कवच होतें. मात्र एका गोष्टींत डॉ. कॉख यांच्या निष्कर्षास मुरड घालावी लागली. प्रौढांच्या रक्तांत हे जीव मुळींच नसतात असें नाहीं. ते इतके थोडे असूं शकतात कीं, सूक्ष्मदर्शकासही दिसत नाहींत. शरीर त्यांस समूळ घालवीत नाहीं, दाबून ठेवितें. आणि मनुष्य तो मुलूख सोडून दूर राहिला, तर ही शक्ति हळूहळू ओसरते.

एकदां गोवर आला कीं तो सहसा पुन्हां येत नाहीं. मग हिंवताप पुन्हां पुन्हां कां येतो? कारण हा शत्रु बहुरूपी आहे. डांसाच्या लाळेबरोबर तो अंगांत शिरतो, तासाभराच्या आंत यकृतांत जाऊन दडतो, तेथें आठवडाभर वाढतो आणि मग वेष पालटून रक्तांतील तांबड्या पेशींत शिरतो. त्या पेशी फुटल्या कीं थंडी वाजून ताप भरतो. त्यांतही अत्यंत घातक जातीच्या जीवापाशीं तांबड्या पेशींवर चढविण्यासाठीं साठेक निरनिराळे पोशाख असतात. शरीर एक ओळखूं लागतें, तोंच तो दुसरा चढवितो. मुलांस हे पोशाख एकामागून एक ओळखावयास शिकावे लागतात, म्हणूनच प्रतिकारशक्ति यावयास वर्षें लागतात.

लस शोधणाऱ्यांनीं या शत्रूस यकृतांत शिरण्यापूर्वींच, डांसाकडून आलेल्या पहिल्या रूपांतच गांठावयाचें ठरविलें. अशी पहिली लस बनविण्याचें काम १९८० नंतरच्या दशकांत सुरू झालें. २००९ ते २०१४ या वर्षांत आफ्रिकेंतील सात देशांत पंधरा हजारांहून अधिक मुलांवर तिची कसोटी घेण्यांत आली, आणि २०२१ च्या ऑक्टोबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें तिची शिफारस केली. दुसऱ्या लशीस तशीच शिफारस २०२३ सालीं मिळाली. ती ऑक्सफर्ड विद्यापीठांत निघाली आणि तयार होते ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें, ही गोष्ट महाराष्ट्रास भूषणावह आहे. दोन्ही लशींनीं मिळणारें संरक्षण पुरतें नाहीं व कायमचेंही नाहीं. त्यामुळें मच्छरदाणी, औषधें व सांचलेल्या पाण्याचा निचरा यांची गरज संपलेली नाहीं. २०२३ या एका वर्षांत हिंवतापानें जगांत सुमारें ५,९७,००० माणसें मेलीं, आणि त्यांत आफ्रिकेंतील पांच वर्षांखालील मुलांचीच संख्या सर्वांत मोठी होती.

१८९० सालीं एका परिषदेंत दिलेलें वचन थोड्याच महिन्यांत फोल ठरलें. हिंवतापाच्या लशीस पदरीं पडावयास तीस वर्षांहून अधिक काळ लागला, पण ती पडताळून मगच मुलांच्या दंडावर टोंचण्यांत आली. दोन्ही धडे एकाच माणसाच्या चरित्राशीं निगडित आहेत. ज्यास जगानें डोक्यावर घेतलें व नंतर बोल लाविला, तो मनुष्य पंचावन्नाव्या वर्षीं समुद्र ओलांडून एका परक्या बेटांतील मुलांच्या रक्ताचे थेंब पुन्हां पहिल्यापासून तपासावयास बसला, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें वैद्य होतील, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. मोठें वचन देण्यापूर्वीं नीट पाहण्याची आणि चुकल्यावर पुन्हां कामास बसण्याची बुद्धि परमेश्वर त्यांस देवो, एवढीच आमची प्रार्थना आहे.