हुतात्मा दामोदर चापेकर आणि राष्ट्राची कल्पना

राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नाची उत्तरे एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विचारवंतांनी निरनिराळी दिली. इटलीच्या जोसेफ मॅझिनीने देशसेवा ही मानवजातीच्या सेवेची पायरी मानली. फ्रान्सच्या अर्नेस्ट रेनाँने १८८२ साली पॅरिसच्या व्याख्यानात वंश, भाषा, धर्म यांपैकी एकही कसोटी पुरेशी मानली नाही. समान स्मृती आणि एकत्र नांदण्याची इच्छा यांतून राष्ट्र घडते, आणि त्यासाठी काही गोष्टी विसरल्याही जातात, असे त्याने मांडले. या विचारांच्या प्रकाशात आपल्या चिंचवडच्या दामोदर हरी चापेकरांचे चरित्र पाहणे उद्बोधक ठरेल.

दामोदरपंतांचा जन्म १८६९ साली मोरया गोसावींच्या या चिंचवड क्षेत्री झाला. घराण्याची एके काळची सुबत्ता ओसरली होती. वडील हरी विनायक कीर्तनकार. दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघे भाऊ त्यांना साथ करीत. कीर्तनाच्या संस्कारांत वाढलेल्या दामोदरांना शिपाई व्हायचे होते, पण लष्कराची दारे उघडली नाहीत. मग त्यांनी तरुण जमवून तालीम सुरू केली.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या कारकिर्दीत गोरे सोजीर झडतीसाठी माजघरात, देवघरात शिरू लागले. लोक संतापले. २२ जून रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून रँड परतत असता गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरांनी त्याच्यावर गोळी झाडली. बाळकृष्णांच्या गोळीने लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला; रँड ३ जुलैला मरण पावला. पुढे फितुरी झाली. १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास दामोदर फासावर चढले. १८९९ च्या मे महिन्यात वासुदेव, त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि बाळकृष्ण हेही त्याच वाटेने गेले. एका आईचे तीन पुत्र गेले!

दामोदरांनी कैदेत लिहिलेल्या आत्मवृत्तात धर्मरक्षणाचा आवेश आहे, तसाच समाजसुधारकांविषयीचा तीव्र रागही आहे. त्यांची प्रेरणा युरोपच्या ग्रंथांतून आलेली नव्हती. मात्र त्यांच्या बलिदानाने भगूरचा शाळकरी विनायक सावरकर पेटून उठला, आणि त्याच सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या लेखनाचा मराठी अनुवाद १९०७ साली प्रसिद्ध झाला. कीर्तनाच्या पाटावर सुरू झालेली वाट अशी इटलीपर्यंत पोहोचली.

आज चिंचवड ही कारखान्यांची नगरी आहे. पिंपरीपासून चाकणपर्यंत नाना प्रांतांचे, नाना धर्मांचे कामगार एकाच पाळीत घाम गाळतात. त्यांच्या मुलांनीही चापेकर चौकातून जाताना हे हुतात्मे आपले मानावेत, असे वाटत असेल तर चरित्र सबंध सांगितले पाहिजे. सुधारकांवरचा राग झाकून केवळ शौर्य सांगणे सोपे. पण तशी स्मृती अपुरी राहते. दामोदरांचा निर्भयपणा आपण घ्यावा आणि त्यांना न दिसलेली समतेची बाजू आपण पुरी करावी. त्या ऋणातून काही अंशी मुक्त होण्याचा मार्ग हाच होय.