जिप्समचा प्रेषित : पाळक मायर ह्यांचे चरित्र

थोर सेवकांची चरित्रे आपण वाचितो तेव्हा बहुधा ती समुद्र ओलांडून गेलेल्यांची, कारागृहात पडलेल्यांची अथवा मोठमोठ्या सभा गाजविणाऱ्यांची असतात. आज आम्ही ज्यांची हकीकत सांगणार आहो, त्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. ते एका खेड्यात पाळक म्हणून आले आणि ५३ वर्षांनी त्याच खेड्यात मरण पावले. तथापि युरोपातील शेतीच्या इतिहासात त्यांचे नाव आहे, आणि लोकांनी त्यांस दिलेली पदवी मोठी विलक्षण आहे. ती म्हणजे ‘जिप्समचा प्रेषित’.

योहान फ्रीडरिख मायर ह्यांचा जन्म २१ सप्टेंबर १७१९ रोजी दक्षिण जर्मनीतील हेर्ब्स्टहाउझेन ह्या लहानशा गावी झाला. बाप खाणावळवाला होता. घर श्रीमंत नव्हते, परंतु मुलाची बुद्धी पाहून त्यास शिकविण्यात आले. येना येथील विद्यापीठात ईश्वरविद्येचा अभ्यास करून १७४१ साली ते रीडबाख येथे पाळक झाले, आणि १७४५ साली कुप्फरत्सेल ह्या गावच्या मंडळीची सेवा त्यांच्याकडे आली. हे गाव होहेनलोहे नावाच्या प्रांतात आहे. तो मुलूख त्या वेळी लहान लहान राजांच्या ताब्यात होता, व आज तो बाडेन-व्युर्टेंबेर्ग ह्या जर्मन राज्यात मोडतो.

नवा पाळक आपल्या मंडळीकडे पाहू लागला तेव्हा त्यास काय दिसले? लोक कष्टाळू होते, तरी पोटभर अन्न नव्हते. त्या काळी तेथे शेतीची जुनी रीत अशी होती की, गावच्या जमिनीचे तीन भाग करावे. एकात हिवाळी धान्य, दुसऱ्यात उन्हाळी धान्य पेरावे, आणि तिसरा भाग वर्षभर पड ठेवावा. म्हणजे दरसाल तिसरा हिस्सा जमीन काहीच देत नसे. गुरे उन्हाळ्यात गायरानावर मोकळी हिंडत, त्यांचे शेण तेथेच विखरून वाया जाई. हिवाळ्यात वैरण संपे आणि जनावरे हाडांचे सापळे होऊन वसंत ऋतूची वाट पाहत. खत नाही म्हणून पीक नाही, पीक नाही म्हणून वैरण नाही, आणि वैरण नाही म्हणून खत नाही! ह्या फेऱ्यात कुणबी पिढ्यान्‌पिढ्या फिरत होता. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांस हा फेरा ओळखीचा वाटेल.

मायर ह्यांनी पाहिले की, हा फेरा कोठे तरी तोडला पाहिजे. पड जमिनीत क्लोव्हर नावाचा चारा पेरावा, असे ते सांगू लागले. हे आपल्याकडील लसूणघासाच्या जातीचे शेंगवर्गीय पीक होय. तो चारा कापून गुरांस गोठ्यातच बांधून घालावा. गुरे गोठ्यात राहिली की शेण-मूत एके ठिकाणी जमते. ते शेतात गेले की धान्य वाढते. आता क्लोव्हर जोमाने यावा कसा? येथे त्यांची दृष्टी जवळच्या टेकड्यांतील एका मऊ, पांढुरक्या दगडाकडे गेली. तो दगड म्हणजे जिप्सम. हाच दगड भाजला म्हणजे मूर्तिकारांचे प्लॅस्टर ऑफ पॅरिस होते. घरबांधणीसाठी तो तेथील लोकांस ठाऊक होताच. मायर म्हणू लागले की, त्याची भुकटी करून ती शेतात टाका.

दगडाने जमीन सुपीक होते, हे ऐकून कोण हसणार नाही? शेण सडते, पाला कुजतो, हे कुणबी डोळ्यांनी पाहतो. परंतु दगड सडत नाही. शिवाय असे का होते ह्याचे उत्तर त्या काळच्या पंडितांपाशीही नव्हते. तरी मायर डगमगले नाहीत. १७६८ साली त्यांनी जिप्समच्या खतावर एक पुस्तक छापून प्रसिद्ध केले आणि शेते, कुरणे, द्राक्षमळे ह्यांत त्याचा उपयोग करावा असे आग्रहाने प्रतिपादिले. त्यानंतर थोड्याच काळात, १७७० ते १७७२ ह्या वर्षांत, मध्य युरोपात अतिवृष्टी व थंडी ह्यांमुळे भयंकर दुष्काळ पडला. १७७३ साली त्यांचा शेतकरी व घरधनी ह्यांच्याकरिता लिहिलेला मोठा पाठ्यग्रंथ निघाला. बटाट्याची लागवडही त्यांनी आपल्या भागात नेटाने वाढविली. शेतकऱ्याचे घर कसे असावे हेही त्यांनी शिकविले : खाली गोठा आणि वर माणसांची वस्ती. होहेनलोहेत अशा बांधणीची जुनी घरे पाळक मायर ह्यांच्याच नावाने ओळखिली जातात.

हळूहळू लोकांचे डोळे उघडले. ज्या प्रांतात गुरे हिवाळ्यात उपाशी मरत, त्याच प्रांतातील धष्टपुष्ट बैल पायी हाकीत थेट पॅरिसच्या बाजारापर्यंत विक्रीस जाऊ लागले. जिप्समची कीर्ती जर्मनीबाहेर पसरली. अमेरिकेत रिचर्ड पीटर्स नावाच्या न्यायाधीशाने १७९७ साली ह्याच खतावर फिलाडेल्फिया येथे पुस्तक प्रसिद्ध केले. एका खेड्यातील पाळकाने ज्या गोष्टीसाठी थट्टेचा धोका पत्करिला, ती त्याच्या हयातीतच महासागरापलीकडे गेली.

मायर ह्यांस जे कारण ठाऊक नव्हते, ते आज आपणांस ठाऊक आहे. जिप्सममध्ये कॅल्शियम, गंधक व पाणी ह्यांचा संयोग असतो. शुद्ध जिप्सममध्ये शेकडा सुमारे २३ भाग कॅल्शियम व सुमारे १८ भाग गंधक असते. शेंगवर्गीय पिकांस गंधक फार लागते, आणि ते मिळाले म्हणजे त्यांच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र जोमाने बांधून ठेवितात. ह्या गाठींचे रहस्य हेल्रीगेल व विल्फार्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ ह्या वर्षांत उघड केले, म्हणजे मायर ह्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. तात्पर्य, जिप्समने क्लोव्हर वाढला, क्लोव्हरने नत्र व चारा दिला, चाऱ्याने शेणखत दिले आणि शेणखताने भाकर दिली. भुईमुगाच्या शेंगा तर जमिनीतूनच कॅल्शियम शोषून घेतात. म्हणून फुलोऱ्याच्या वेळी झाडांच्या बुडाशी जिप्सम दिल्याने दाणे भरतात.

परंतु येथेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. शेणखत न घालता नुसत्या चुनखडी मातीवर विसंबणाऱ्यांविषयी त्या देशात एक म्हण पडली होती. तिचा भावार्थ असा की, अशा खताने बाप श्रीमंत होतो आणि मुलगा भिकारी होतो. ती म्हण खोटी नव्हती. अशी द्रव्ये जमिनीच्या पोटात साठलेले धन मोकळे करितात, स्वतः सर्व अन्न पुरवीत नाहीत. मायर ह्यांची थोरवी दगडात नव्हती. दगड, चारा, गोठा व खत ह्यांची सांगड त्यांनी घातली, ह्यात होती.

हे आम्ही पुस्तकावरून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका भावाची जमीन कालव्याच्या अति पाण्याने चोपण झाली. उन्हाळ्यात वर पांढरे पडे, पावसात चिखल होई, आणि वाळली म्हणजे कुदळ उसळे. आम्ही नुकतेच मायर ह्यांचे चरित्र वाचिले होते. मोठ्या उत्साहाने आम्ही त्यास जिप्सम टाकण्यास सांगितले. त्याने कर्ज काढून ते आणिले, शेतात पसरिले, आणि पीक मुळीच सुधारले नाही. तो आम्हांस एक शब्दही बोलला नाही. परंतु उपासनेस येऊन तो मागे बसू लागला, आणि तो मागचा बाक आम्हांस कोणत्याही शब्दापेक्षा अधिक बोलत असे.

पुढे एका जाणत्या कृषिपदवीधराने आमची चूक दाखविली. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांस चिकटून बसतो, त्यामुळे कण विस्कटतात व पाणी मुरत नाही. जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो; परंतु सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली वाहून गेला पाहिजे. त्या शेताला चरच नव्हते! पाणी जाणार कोठे? शत्रूस घरातून उठविले, पण दार मात्र बंदच ठेविले. आम्ही त्या भावाकडे गेलो, आमची चूक कबूल केली, आणि त्या उन्हाळ्यात त्याच्यासह मंडळीतील तरुणांनी शेताच्या कडेने उताराकडे खोल चर खणिले. आम्हीही कुदळ धरिली. माती तपासून मग पुन्हा जिप्सम दिले, ते वरच्या थरात मिसळिले, बांध घालून गोडे पाणी कोंडिले व चरावाटे निचरू दिले. पुढे धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडिला. दुसऱ्या वर्षी त्या शेतात ज्वारी उभी राहिली. तो भाऊ आता पुढे बसतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, आपल्या लोकांस सल्ला देताना इतके ध्यानात ठेवावे. प्रथम माती तपासून घ्यावी. किती जिप्सम लागेल हे तपासणीच सांगते, शेजाऱ्याच्या शेतावरून ठरवू नये. पाण्याचा निचरा आधी, जिप्सम नंतर. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत चुनखडी बहुधा आधीच असते, तेथे आणखी चुना घालू नये. कोकणातील आंबट तांबड्या मातीस मात्र चुनाच उपकारक होतो, कारण जिप्समने मातीचा आंबटपणा जात नाही. आणि कोणतेही द्रव्य घातले तरी शेणखत, कंपोस्ट व हिरवळीचे खत ह्यांस सुट्टी देऊ नये. जी जमीन मुळातच भुसभुशीत व निरोगी आहे, तिला जिप्समची बहुधा गरजही नसते. तेथे पैसा राखावा.

पाळक मायर १७ मार्च १७९८ रोजी कुप्फरत्सेल येथे मरण पावले. कोणी विचारील की, पाळकाने शेणा-मातीच्या गोष्टी का बोलाव्या? प्रभूच्या दाखल्यातील तो माळी आठवा. अंजिराचे झाड तीन वर्षे फळ देईना, आणि धनी तोडण्यास सांगू लागला, तेव्हा त्या माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली. ती मुदत त्याने नुसती वाट पाहण्याकरिता मागितली नाही. भोवती खणण्याकरिता आणि खत घालण्याकरिता मागितली. नापीक म्हणून जिला सोडून द्यावे असे आपल्या मनात येते, ती जमीन असो अथवा मागच्या बाकावर जाऊन बसलेला भाऊ असो, आणखी एक वर्ष मागून घ्यावे, आणि कुदळ हाती घ्यावी.